बाटलीतला भंडारा

गजराबाईचं त्या दिवशी देवाजवळ एकच मागणं होतं. चूक माझीच निघू दे.

माणूस देवाजवळ काय काय मागत असतं. कुणाला लेकरू हवं असतं, कुणाला कांद्याला भाव. पण ‘दोष माझ्याच पदरात टाक’ म्हणून विनवणारी बाई नारायणगावावरून जुन्नरला निघालेल्या त्या एसटीत ती एकटीच असावी. कमरेच्या बटव्यात खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडी होती. तिच्यावर हात ठेवून ती खिडकीशी बसली होती आणि ओठातल्या ओठात देवाशी वाद घालत होती.

“काय पुटपुटतीयास?” शेजारी बसलेल्या दादाभाऊंनी विचारलं.

“नाव घेतीया.”

“देवाचं का माझं?”

“तुमचं घ्यायचं म्हंजे उखाणा लागतो. देवाला तसलं काय लागत न्हाई.”

दादाभाऊ हसले. हसताना उजवा गाल ओढला गेला, हात आपसूक गालावर गेला आणि हसू अर्ध्यावरच राहिलं. गजराबाईनं तोंड खिडकीकडं वळवलं. बाहेर द्राक्षांचे मांडव मागं पळत होते, पण तिला काही दिसत नव्हतं.

हे नवराबायको आंबेगाव तालुक्यातल्या लोणीचे. दादाभाऊंचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. आता घरची जमीन होती, कांदा-बटाटा होता, आणि जुन्या मायेपोटी राखलेली थोडी मेंढरं होती. पण पंचक्रोशीत दादाभाऊंना कुणी कांद्यावरून ओळखत नव्हतं की मेंढरांवरून. ते चालकरी. कीर्तनात महाराज अभंगाचा चरण सोडतात आणि मागं टाळ घेऊन उभा असलेला चालकरी तो झेलतो, वर नेतो, चार अंगांनी फिरवून दाखवतो आणि पुन्हा महाराजांच्या ओंजळीत आणून ठेवतो. दादाभाऊंनी चाल लावली की महाराजांना घोटभर पाणी प्यायला उसंत मिळायची आणि मंडपातल्या बायांना पदर डोळ्याला लावायला. मृदंग वाजवणारा ऋषी म्हणायचा, “दादाभाऊ वर गेलं की माझा हात आपोआप धावतो राव, मला कळतबी न्हाई.”

त्या गळ्याच्या वाटेवरच, उजव्या गालाच्या आत, पांढरा चट्टा उठला. तंबाखूची सवय जुनी. चट्ट्याला फोड आला, फोड भरून येईना. मंचरच्या दातांच्या सर्जननं गालाच्या आतला तांदळाएवढा तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट आला तो कॅन्सरचा. सर्जन म्हणाले, पुण्याला मोठ्या दवाखान्यात दाखवा. गाल काढावा लागेल, हाडाला धरलं असेल तर जबड्याचा भागही.

दादाभाऊ ऐकत राहिले आणि एवढंच म्हणाले, “सप्त्याच्या काल्याच्या कीर्तनाला उभं ऱ्हाऊ द्या डाक्टर. मग काय कापायचं ते कापा.”

त्या दिवसापासून घरात सूर नव्हता. पहाटे मेंढरांना पाला टाकताना दादाभाऊ गुणगुणायचे. ते थांबलं. गजराबाईला वाटायचं, रागावलं तरी चालेल, ताट भिरकावलं तरी चालेल, पण ह्या माणसानं एकदा घसा खाकरून सूर लावावा.

आणि तिच्या पोटात एक गोष्ट होती. ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती.

तुकडा काढला त्या दिवशी सर्जनच्या माणसानं एक बारकी बाटली हातात दिली होती. “उद्या जुन्नरला लॅबमध्ये पोचवा. झाकण उघडू नका.” बाटलीत पाण्यासारखं काहीतरी होतं आणि त्यात तो तुकडा. घरी आल्यावर ती बाटली ठेवायची कुठं? चुलीजवळ नको, मांजराच्या वाटेत नको. गजराबाईनं ती भिंतीतल्या देवळीत, देवांच्या टाकांच्या शेजारी ठेवली. संध्याकाळी दिवा लावायला गेली आणि तिचा जीव कळवळला. आपल्या माणसाचं मांस, असं उघडंवाघडं, एकटं पाण्यात पडलेलं.

तिच्या सासूची शिकवण होती. अंगापासून जे तुटलं ते भंडाऱ्याशिवाय उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. लेकराची नाळ पडली, भंडारा लाव. कोकराच्या कानाला खूण केली, भंडारा लाव. देवाच्या नजरेखालून गेलं म्हणजे वाट चुकत नाही. गजराबाईनं झाकण फिरवलं. वास असा भपकन आला की डोळ्यांतून धारा लागल्या. तशाच धारांत तिनं देवापुढच्या ताटातली भंडाऱ्याची चिमूट सोडली, ‘येळकोट’ म्हटलं आणि झाकण लावून टाकलं. पाणी पिवळं झालं. सकाळी दादाभाऊंनी बाटली पिशवीत गुंडाळून नेली, त्यांनी पाहिलंही नाही.

मग रिपोर्ट आला, आणि तिच्या मनात एक कवडसा शिरला. न उघडायची बाटली आपण उघडली. त्यानंच तर बिघडलं नसेल? आपल्या हळदीनंच तपासणी खोटी ठरली असेल तर? आठ दिवस ती त्या कवडशाला धरून होती. पाप आपलं असलं तर गाल वाचत होता.

पुण्याच्या दवाखान्यानं लॅबमधल्या तपासणीच्या काचा आणि तुकडा बसवलेली मेणाची वडी घेऊन या म्हणून सांगितलं होतं. त्यासाठीच हा जुन्नरचा फेरा होता. आज सांगायचंच, असं तिनं ठरवलं होतं.

जुन्या बाजारपेठेतल्या एका गल्लीत, भांड्यांच्या दुकानावर, दोन खोल्यांची लॅब होती. जिना चढतानाच बाटलीतला तो वास आला आणि गजराबाईनं पदर नाकाला लावला. वर प्राची नावाची पोरगी पांढरा कोट घालून बसली होती. तिनं एक लहानशी प्लॅस्टिकची जाळीदार डबी पुढं ठेवली. डबीच्या पाठीवर पांढऱ्या मेणाची वडी बसवलेली होती आणि मेणात मधोमध एक ठिपका.

“हा तुमचा ब्लॉक, काका. काचा मॅडमकडं आहेत, सही झाली की देते.”

दादाभाऊंनी डबी तळहातावर घेतली. “हितका बारका! आन म्हणं सगळा गाल खाणार हाये.”

गजराबाईनं मन घट्ट केलं. “अवो, तुमी खाली जाऊन च्या घेऊन या. समद्यांसाठी आणा.”

“समद्यांसाठी? पाव्हणचार हाय का हितं?”

“आणा म्हणते ना!”

दादाभाऊंची पावलं जिन्यावरून उतरली तशी ती आतल्या खोलीच्या दारात उभी राहिली. डॉक्टर प्रतिभा मायक्रोस्कोपवर वाकल्या होत्या. पन्नाशीच्या, केस पांढरे होऊ लागलेले, चष्मा कपाळावर चढवलेला.

“बाई, मला सांगायचंय. म्या पाप केलंय.”

डॉक्टरांनी मान वर केली. “आधी बसा, मावशी. पापाचं उभ्यानं सांगू नये.”

गजराबाई बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. देवळी, दिवा, सासूची शिकवण, झाकण, चिमूट. शेवटी हात जोडले. “चूक माझी हाय. तुमचा रिपोर्ट माझ्या हळदीनं बिघडला. तेवढं कागदावर लिहून द्या, मी अंगठा करते. त्यांचा गाल ऱ्हाऊ द्या.”

प्राची दारात येऊन थांबली होती. डॉक्टर रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून त्या तिच्यासमोर आल्या.

“मावशी, असं बघा. अंगातला तुकडा बाहेर काढला की तो लगेच नासायला लागतो. म्हणून तो फॉर्मलिनच्या पाण्यात टाकतात. त्यात पडला की तो होता त्या जागी थांबतो. कीर्तनात महाराजांनी हात वर केला की टाळ थांबतात ना, तसा. तुकडा सकाळी काढला, तुम्ही भंडारा घातलात संध्याकाळी. तोवर तो थांबून गेला होता.”

“मग पुढं?”

“पुढं आम्ही तो स्पिरीटमधून काढतो, म्हणजे त्याच्यातलं पाणी निघून जातं. पाण्याच्या जागी पातळ मेण भरतो. गार झालं की ही वडी. ती प्राची त्या पात्याच्या मशीनवर कापते. काप कसला, केसाहून पातळ पापुद्रा. तो कोमट पाण्यावर साईसारखा तरंगतो, मग काचेवर अलगद उचलायचा. इतका पातळ की नुसता दिसतच नाही. म्हणून रंगवायचा. पेशीचा आतला गाभा जांभळा होतो, बाकीचं गुलाबी. मग इथून बघायचं.” त्यांनी मायक्रोस्कोपवर हात ठेवला. “आता सांगा, ह्यात तुमची हळद काय करणार?”

“म्हंजे…”

“हळदीनं चांगल्या पेशीचा कॅन्सर होत नाही. बाटली उघडायला नको होती, हे खरं. पण त्यानं हा रिपोर्ट खोटा ठरत नाही, मावशी.”

गजराबाई बसल्या जागी लहान झाली. आठ दिवस जो कवडसा हातात धरून ठेवला होता, तो मूठ उघडल्यावर नव्हताच. देवा, एवढंसं पाप मागितलं होतं, तेवढंही दिलं नाहीस? तिला रडूही येईना. तिनं नुसता पदर सारखा केला. “बरं,” ती म्हणाली. “काचा द्या. जातो आमी.”

डॉक्टरांनी काचांच्या डबीतून दादाभाऊंची काच काढली. कागदात गुंडाळता गुंडाळता त्यांचा हात थांबला.

“मावशी, भंडारा किती घातला होता?”

“चिमूटभर.”

“बाजारचा, का घरचा?”

“घरचा. माझ्या हातानं कुटलेला. जाडाभरडाच ऱ्हातो, माझा हात आता चालत न्हाई. वर खोबऱ्याचा कीसबी आसंल. देवाच्या ताटातलाच व्हता.”

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर ओढला, काच मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि वाकल्या. खालचं चाक बारीक बारीक फिरत राहिलं. काच एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. खाली बाजारात कुणीतरी कोथिंबिरीची जुडी ओरडून विकत होतं. मायक्रोस्कोपवरून डॉक्टरांची मान उठेना.

“प्राची,” त्या न बघताच म्हणाल्या, “ह्या काचेवर हळद कुठाय?”

“धुवून गेली असंल की मॅडम. स्पिरीटमध्ये रंग उतरतो.”

“रंग उतरेल. कण कुठं जातील? झाडापाल्याच्या पेशीला भिंत असते. माणसाच्या पेशीला नसते. हळदीचा जाडाभरडा कण असो की खोबऱ्याचा कीस, तुकड्याला चिकटून मेणात बसला तर घराच्या चौकटीसारखा उभा दिसतो. इथं एकही चौकट नाही.” मग त्या एकदम ताठ झाल्या. “आणि मी त्या चौकटी बघितल्यात. त्याच दिवशी. दुसऱ्या काचेवर!”

“कुठल्या?”

“त्या दिवशी गालाचे तुकडे दोन आले होते. त्या दुसऱ्याच्या कडेला चौकटींचे गठ्ठे होते. मी म्हटलं, तोंडातला तुकडा, जेवणाचे कण असतील. आणि पुढं गेले.” डॉक्टरांचा आवाज खाली आला. “काच काढ ती. आणि दोन्ही बाटल्या आण.”

प्राचीचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं फळीवरून दोन बाटल्या आणून टेबलावर ठेवल्या. एकीतलं पाणी स्वच्छ होतं. दुसरीतलं पिवळं, आणि तळाला हळदीचा गाळ. पिवळ्या बाटलीवर चिठ्ठी होती ती दादाभाऊंच्या नावाची.

प्राची अडखळत बोलली. “मॅडम, तुकडा पिवळा होता, आठवतंय मला. मला वाटलं, मंचरच्या सरांनी तुकडा टिकवायला ते दुसरं पिवळं औषध वापरलंय. मी दोन्ही तुकडे जाळीच्या डब्यांत घातले आणि… नंबर मागनं टाकले. आधी टाकायचे असतात. डब्या शेजारी शेजारी होत्या.” तिनं ओढणी तोंडावर घेतली.

गजराबाईला यातलं अर्धंच कळलं होतं. पण बाटल्या दिसत होत्या, आणि तेवढं पुरे होतं. “बाई,” ती घाबरत घाबरत म्हणाली, “म्हंजे ती वडी आमची न्हाई?”

“थांबा. घाई करू नका, मलाही करू देऊ नका. भंडारा आहे तुमच्याजवळ?”

बटव्यातली पुडी निघाली. डॉक्टरांनी कोऱ्या काचेवर पाण्याचा थेंब सोडला, त्यावर चिमूट टाकली, वरून पातळ काचेचा तुकडा ठेवला आणि आधी ती बघितली. मग दुसरी काच लावली, जिच्यावर परक्या माणसाचा नंबर होता. एकदा ही, एकदा ती. शेवटी त्यांनी दीर्घ श्वास सोडला.

“एकच आहे. खोबऱ्यासकट.”

मग त्यांनी ती काच पुन्हा पहिल्यापासून, जणू आधी कधी पाहिलीच नव्हती अशी, कडेपासून कडेपर्यंत तपासली. गजराबाई उभी होती. तिच्या ओठांवर आता वाद नव्हता, नुसतं नाव होतं.

“या मावशी,” डॉक्टर उठून बाजूला झाल्या. “तुमच्या घरधन्याचा गाल बघा.”

“मला काय कळणार त्यातलं?”

“कळेल. एक डोळा मिटू नका, दोन्ही उघडे ठेवा.”

गजराबाई वाकली. आधी नुसता उजेड दिसला, मग आपल्याच पापण्या. डॉक्टरांनी चाक फिरवलं आणि एकाएकी गुलाबी रान समोर पसरलं. त्यात जांभळे ठिपके, दाटीदाटीनं, थरावर थर. खाली एक रेघ, वळणावळणाची, आणि रेघेखाली फिकं गुलाबी, मोकळं मोकळं.

“जांभळे ठिपके म्हणजे पेशींचे गाभे. ती रेघ दिसते? तिच्यावर त्यांनी राहायचं. कॅन्सर झाला की ते वेडेवाकडे होतात आणि रेघ फोडून खाली घुसतात.”

गजराबाई बराच वेळ बघत राहिली. मेंढरं रानात बसवताना भोवती जाळी लावतात, तिला वाघर म्हणतात. आयुष्यभर तिनं ती वाघर लावली होती. पहाटे उठून पहिली नजर तिच्यावर टाकायची, कुठं फाटली का, किती बाहेर गेली.

“बाई,” ती न हलता म्हणाली, “वाघर धड हाय. समदी मेंढरं आतच हायत.”

“सगळी?”

“समदी. शिस्तीत बसल्यात. वरची जरा चपटी झाल्यात, दाटून.”

डॉक्टर हसल्या आणि हसता हसता त्यांनीही डोळे पुसले. “बरोबर. वरचा थर जाड झालाय. काकांचा वरचा दात तुटून टोकदार झालाय का? तो घासतोय, त्यात तंबाखूची भर. कॅन्सर नाही, मावशी. गाल राहतोय.”

त्यांनी ताबडतोब मंचरला फोन लावला. पलीकडून सर्जन काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण डॉक्टर म्हणाल्या, “हो, चूक आमच्याकडची. मीच जबाबदार. दोन्ही काचा मी आजच पुण्याला, मला शिकवलेल्या सरांच्या नजरेखालून घालते, पण माझ्या मनात शंका नाही.” मग ऐकून म्हणाल्या, “तुम्हालाही तो दातच वाटला होता? मग बोलायचंत ना, डॉक्टर!”

तेवढ्यात जिन्यावर कपांचा किणकिणाट झाला. दादाभाऊ ट्रे घेऊन आत आले आणि दारातच थबकले. प्राची भिंतीला टेकून हुंदके देत होती, डॉक्टर चष्मा पुसत होत्या आणि गजराबाईच्या गालांवरून धारा वाहत होत्या.

“अगं काय झालं? च्या आणायला गेलो तवा तर समदी धड व्हती!”

गजराबाईनं सांगितलं. धड काही सांगता आलं नाही, भंडारा आधी आला, वाघर मध्येच आणि दात शेवटी, पण दादाभाऊंना कळलं. ते ट्रे हातात घेऊन तसेच उभे राहिले. चहा हेलकावत होता.

“म्हंजे गाल ऱ्हातोय?” त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

“राहतोय.”

“आन चाल?”

“ती तुमच्यावर. तंबाखू सोडली तर.”

दादाभाऊंनी ट्रे खाली ठेवला. खिशातली तंबाखूची पिशवी काढली, चुन्याची डबी काढली आणि दोन्ही कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून दिल्या. मग बायकोकडं वळले. “आन तू बाटलीत भंडारा टाकलास ते मला आठ दिवस बोलली न्हाईस?”

“तुमी रागावला असता.”

“रागावलोच असतो! लई रागावलो असतो!” आणि ते मोठ्यानं हसले. गालावर हात गेला नाही.

चहा गार झाला होता, पण सगळे प्यायले. प्राचीनं कपाला हात लावला नाही. गजराबाई तिच्याजवळ जाऊन बसली.

“पी गं पोरी. म्या उघडू नको म्हणत्यात ती बाटली उघडली. तू नंबर मागनं टाकलास. दोघी सारख्याच.”

“तुमच्या चुकीनं भलं झालं, मावशी. माझ्या चुकीनं…” तिचं बोट त्या दुसऱ्या बाटलीकडं गेलं.

मग गजराबाईच्या ध्यानात आलं. आनंदाच्या भरात तिनं तिकडं पाहिलंच नव्हतं. स्वच्छ पाण्याची बाटली. ती वाघर फाटलेली वडी कुणाची तरी होतीच. आठ दिवस कुणीतरी ‘काही नाही’ म्हणून निर्धास्त बसलं होतं.

“कुणाची हाय ती वडी?” तिनं हळूच विचारलं.

“नाव नाही सांगता यायचं, मावशी. आळे गावाच्या बाजूच्या एक मावशी आहेत. मॅडम आत जाऊन त्यांनाच फोन करतायत.”

आतून डॉक्टरांचा आवाज येत होता, शांत, एकेक शब्द ठेवून दिल्यासारखा. “आजच या. लेकाला घेऊन या. घाबरायचं नाही, लहान आहे, लवकर सापडलंय… हो, काढून टाकता येईल. पण आजच.”

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. “येतायत,” त्या म्हणाल्या. “मावशी, तुम्ही आज बोलला नसता तर त्या सहा महिन्यांनी आल्या असत्या. तेव्हा मी असं बोलू शकले नसते.”

गजराबाईनं बटव्यातली पुडी काढली आणि प्राचीच्या हातात दिली. “नाव नगं मला. आली की तिच्या कपाळाला लाव. बाटलीत घालू नगं बरं का!”

जुन्नरच्या स्टँडवर गाडीला वेळ होता. बाकावर दोघं बसली. पलीकडं एक पोरगा मोटारसायकल पुसत होता, त्याच्या मोबाइलवर कसलंसं हिंदी गाणं लागलं होतं. दादाभाऊंनी घसा खाकरला. मग हळूच, गाण्याच्या खालून, एक सूर निघाला. आधी खरखरला, मग मोकळा झाला. गजराबाईनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं तर थांबतील म्हणून ती समोरच्या पाटीवरची गावं वाचत राहिली.

सप्त्याचा शेवटचा दिवस उजाडला. पुण्याच्या सरांनीही दोन्ही काचांना तोच निकाल दिला होता. दादाभाऊंच्या दाताचं टोक घासून झालं होतं, गालाचा टाका भरून आला होता. डॉक्टरांनी पुन्हा दाखवायला बोलावलं होतं, त्याला ते कुरकुर करत का होईना तयार होते. तंबाखूवाचून जीव कासावीस व्हायचा तेव्हा ते बडीशेप चघळायचे आणि गावभर सांगत फिरायचे, “आमच्या मंडळींनी मला हळदीत घालून वाचवला.”

काल्याच्या कीर्तनाला मंडप भरला. महाराज रंगात आले होते. बायांच्या बाजूला बसलेल्या गजराबाईच्या कमरेत मोबाइल थरथरला, तशी ती उठून मंडपामागं, दह्या-लाह्यांच्या पातेल्यांजवळ गेली.

“मावशी, प्राची बोलतेय. ऐकू येतंय का?”

“टाळ चाललेत गं. मोठ्यानं बोल!”

“त्या मावशींचं ऑपरेशन झालं! काढलेला तुकडा आमच्याकडंच आला होता, आज त्याच्या काचा झाल्या. चारी कडा तपासल्या. कडा मोकळ्या आहेत, मावशी! कुठंच पुढं गेलेलं नाही. बोलतायत, जेवतायत.”

गजराबाई पातेल्याच्या काठाला धरून उभी राहिली. “वाघर लावली म्हणायची मग.”

“लावली. आणि आता मॅडमनी नियमच केलाय. डबीवर नंबर आधी. मग दोघींनी नाव मोठ्यानं म्हणायचं, आधी मी, मग मॅडम, आणि मगच तुकडा डबीत. दिवसभर आमचं नामस्मरण चालू असतं.”

“लई ब्येस. नाव घेतल्यावर वाट चुकत न्हाई.”

“अजून एक. त्या मावशी विचारत होत्या, भंडारा कुणी दिला म्हणून. मी म्हटलं, नाव नाही सांगता यायचं.”

गजराबाई हसली. काही बोलणार तेवढ्यात मंडपात महाराजांनी चरण सोडला आणि क्षणभर शांतता झाली. त्या शांततेतून दादाभाऊंचा आवाज उठला, आधी जपून, पायरी चाचपत, आणि मग एकदम वर. मागोमाग ऋषीच्या मृदंगानं धाव घेतली.

“मावशी? मावशी, हे कोण गातंय?”

गजराबाईनं मोबाइल मंडपाच्या दिशेनं उंच धरला आणि तशीच उभी राहिली.